अण्णांची भूक

आमच्या चाळीत घड्याळ बघायची कुणाला गरज पडायची नाही. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायचा तेव्हा आईच्या तव्यावर शेवटची भाकरी असायची आणि अण्णा सदऱ्याची बटणं लावत चुलीपाशी येऊन बसायचे. तीन भाकरी डब्यात, एक समोर ताटात. सोबत शेंगाचटणी, तिच्यावर तेलाची धार, एक कांदा बुक्कीनं फोडलेला. भाजी असली तर असली. अण्णा गिरणीत साच्यांवर, म्हणजे सुताच्या यंत्रांवर होते. पाळीभर उभं राहायचं, साच्यांमधून येरझाऱ्या घालायच्या, तुटलेला धागा सांधायचा, पुन्हा पुढच्या साच्याकडं. घरी आले की परत दोन-तीन भाकरी. तरी अंगावर मांस कसं ते नव्हतं. त्यांचा सदरा दोरीवर वाळत घातला की एखाद्या मोठ्या पोराचा वाटायचा.

मग गिरणी बंद पडली.

सोलापुरात ज्यांच्या घरात गिरणी होती त्यांना पुढचं सांगायला नको. अण्णा तेव्हा पन्नाशीला टेकले होते. पहिले काही महिने ते सकाळी अंघोळ करून, भांग पाडून दारात बसायचे. डबा भरायचा नव्हता, पण भाकरी मात्र तेवढ्याच व्हायच्या. आईच्या हाताला तेच माप बसलेलं, आणि काम गेलेल्या नवऱ्याच्या ताटातली एक भाकरी कमी करायचं तिच्या जिवाला होईना. अण्णाही खायचे. "भूक तेवढीच लागायलीय गं," असं म्हणायचे, जरा अपराधी चेहऱ्यानं. दोन वर्षांत सदरे घट्ट झाले, पोट पुढं आलं. मग साखर निघाली. मग पायाची जखम भरेना. पुढचं मी इथं लिहीत नाही. मला लिहायचंय ते त्या एका वाक्याबद्दल. काम सुटलं तरी भूक तेवढीच लागते.

हे वाक्य मला नीट कळायला माझं स्वतःचं वजन ८१ किलो व्हावं लागलं.

२०१८ ची गोष्ट. मी शाळेत विज्ञान शिकवते. त्या वर्षी रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) तपासली, ती ६.३ टक्के आली. म्हणजे मधुमेह नाही, पण त्याच्या दारात उभी. उंची १५७ सेंटिमीटर, कंबर १०४. भारतीय बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी असं मानतात, कारण आपल्याकडं चरबी पोटात आधी साठते आणि साखर लवकर बिघडते. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. मला मात्र अण्णांचा पाय दिसत होता.

दुसऱ्या दिवसापासून मी चालायला लागले. घर सात रस्त्याजवळ. पहाटे सव्वापाचला निघायचं, रंगभवनावरून पार्क चौक, तिथून किल्ल्याच्या कडेनं सिद्धेश्वर तळ्यापर्यंत जाऊन परत यायचं. रोज एक तास, तोही रमत गमत नाही, हात हलवत, दम लागेल असा. सोलापूरचा उन्हाळा ज्याला माहीत आहे त्याला कळेल की एप्रिल-मेमध्ये सव्वापाच ही चैन नव्हे. आठ वाजले की रस्ता तापायला लागतो आणि दुपारी पारा ४२-४३ च्या खाली बोलत नाही. तीन महिने मी एक दिवस चुकवला नाही.

तीन महिन्यांनी वजन केलं. सव्वा किलो कमी झालं होतं.

त्या दिवशी काट्यावरून उतरून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. माझ्यासारखी किती माणसं याच ठिकाणी चालणं सोडून देत असतील याचा मी नंतर खूप विचार केलाय. आपल्याकडं जाड माणसाला सल्ला एकच मिळतो, "जरा व्यायाम कर की." तो बिचारा करतो. काटा हलत नाही. मग लोक म्हणतात, नीट करत नसणार. त्यालाही तेच वाटायला लागतं. या अन्यायाबद्दल मला अजूनही राग आहे, कारण त्याला अर्धीच गोष्ट सांगितलेली असते आणि उरलेल्या अर्ध्या गोष्टीची शिक्षा मात्र त्याच्या माथी येते.

उरलेली अर्धी गोष्ट मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर शिकले. मुलीनं केकसाठी आणलेला छोटा वजनकाटा होता. एका रविवारी मी नेहमी घेते तेवढी शेंगाचटणी वाटीत काढली आणि वाटी त्याच्यावर ठेवली. वाटीचं वजन वजा जाता चटणी ३० ग्रॅम. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं. तेवढ्या चटणीच्या कॅलरी झाल्या साधारण १७०. तिच्यावर मी घेते ती तेलाची धार चमच्यात धरली, तर पाच ग्रॅम भरली. तिच्या ४५. एकूण २१५. मग चालण्याचा हिशेब मांडला. ८० किलोचं शरीर तासभर पाच किलोमीटर चाललं, तर बसून राहण्यापेक्षा जास्तीच्या जेमतेम २०० कॅलरी खर्च होतात. माझी अख्खी पहाट, तो घाम, ते किल्ल्याच्या कडेनं चालणं, सगळं त्या वाटीत मावत होतं.

त्या दिवशी मी चटणीवर रुसले नाही. सोलापूरच्या माणसानं शेंगाचटणीशी वैर धरून कुठं जायचं? पण हिशेब पुढं नेला. आमच्या चौघांच्या घरात महिन्याला पाच किलो तेल लागायचं. माणशी रोज सुमारे ४२ ग्रॅम, म्हणजे नुसत्या तेलाच्या ३७५ कॅलरी. ते अडीच किलोवर आणलं, तर कुणीही घराबाहेर पाऊल न टाकता प्रत्येकाच्या रोजच्या १८५-१९० कॅलरी कमी होतात. जवळपास माझ्या तासाभराच्या चालण्याएवढ्या. किलोभर चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. वजन उतरवायचं असेल तर ताटाकडं बघावं लागतं हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि तेलाच्या डब्यावर पेन्सिलीनं महिन्याची रेघ मारणं वेगळं.

शिवाय शरीर चालण्याचा हिशेब आपल्यासारखा सरळ ठेवत नाही. टांझानियात हाड्झा नावाचे लोक आहेत, अजून शिकार करून आणि कंदमुळं खणून जगणारे. हर्मन पॉन्ट्झर या मानववंशशास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा दिवसभराचा एकूण ऊर्जाखर्च मोजला आणि २०१२ साली प्रसिद्ध केला. दिवसाला मैलोन्‌मैल चालणारी ही माणसं, पण शरीराच्या आकाराचा विचार केला तर त्यांचा एकूण खर्च शहरात खुर्चीवर बसणाऱ्या माणसांएवढाच भरला. पॉन्ट्झर यांचं म्हणणं असं, की हालचाल वाढली की शरीर दुसरीकडं कुठंतरी काटकसर करतं. त्यावर मतभेद आहेत. पण माझं मलाच दिसत होतं. पहाटे चालून आलेल्या दिवशी मी शाळेत मधल्या सुट्टीत जागची उठत नव्हते, संध्याकाळी पलंगावर आडवी होत होते, आणि 'आज चाललोय' म्हणून पार्क चौकातल्या डिस्को भज्यांना नाही म्हणत नव्हते.

पुढचे नऊ महिने मी चालणं तसंच ठेवलं आणि ताट बदललं. तेल अर्धं. दुपारी दोन भाकरींऐवजी दीड, आणि आधी वाटीभर घट्ट डाळ. चटणी मोजून एक चमचा, वरची धार बंद. भात रविवारी. उपास एकही केला नाही. २०१९ च्या मार्चमध्ये मी ६९ किलोवर आले. साखर ५.७. शाळेतल्या बायका विचारायला लागल्या, कुठली पावडर घेता? मी प्रत्येकीला तेलाचा हिशेब सांगायचे आणि प्रत्येक जण थोडी निराश व्हायची.

मला वाटलं, झालं. सुटलो.

त्या जूनमध्ये आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, नंतरची सुश्रूषा, शाळा, घर. पहाटेचा तास सगळ्यांत आधी गेला. ताट मी सोडलं नव्हतं. तेलाच्या डब्यावरची रेघ तशीच होती. तरीही पाच महिन्यांत वजन ७४ झालं. पाच किलो! मी परत परत तपासत होते, कुठं जास्त खाल्लं? मोठं असं काही सापडत नव्हतं. अर्धी भाकरी इथं, आईच्या ताटात उरलेला घास तिथं, जागरणातला दोनदा चहा. पण मुख्य म्हणजे भूक वाढलेली होती. दिवसभर हालचाल कमी आणि भूक जास्त. अण्णांचं वाक्य तेव्हा मला आठवलं, आणि एका रात्री आईच्या उशाशी बसून मी मोबाईलवर वाचता वाचता एका जुन्या अभ्यासापाशी येऊन थांबले.

१९५६ सालचा अभ्यास. जाँ मेयर नावाचे शास्त्रज्ञ आणि त्यांचे भारतीय सहकारी. जागा पश्चिम बंगाल. आणि माणसं कोण, तर तागाच्या गिरणीतली! २१३ जणांचं खाणं, वजन आणि काम त्यांनी नोंदवलं. दिवसभर बसून असणारे दुकानदार, मुकादम, कारकून, पुढं विणकर, आणि शेवटी पाठीवरून गठ्ठे वाहणारे हमाल. जड काम करणारे जास्त खात होते, कामाला शोभेल एवढं, आणि सडपातळ होते. हलकं काम करणारे कमी खात होते, तेही सडपातळ. पण जे अगदीच बसून होते ते मात्र हलकं काम करणाऱ्यांपेक्षा कमी खात नव्हते. त्यांचं खाणं थेट जड काम करणाऱ्यांच्या बरोबरीनं होतं, आणि वजन सगळ्यांत जास्त. म्हणजे हालचाल एका मर्यादेच्या खाली गेली की भुकेचं माप चुकतं. शरीराला काम किती झालं ते कळेनासं होतं.

मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं दिसेनात. माझे अण्णा, दारात बसलेले, भांग पाडून. भूक तेवढीच लागायलीय गं. तो माणूस हावरट नव्हता. सव्वीस वर्षं साच्यांमधल्या येरझाऱ्यांनी त्याच्या भुकेला धरून ठेवलं होतं, आणि एका दिवसात ते सगळं काढून घेतलं गेलं. त्याला कुणी सांगितलं नाही, की अण्णा, गिरणी गेली तरी चालणं सोडू नका. आम्हालाही माहीत नव्हतं.

वजन उतरलेल्या शरीराची अडचण आणखी वेगळी असते. उतरलेलं वजन ते तोटा मानतं आणि भरून काढायला बघतं. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात ५० माणसांना दहा आठवडे अगदी कमी आहारावर ठेवलं होतं. वर्ष उलटून गेल्यावरही त्यांच्या रक्तातली भूक वाढवणारी संप्रेरकं चढलेली होती आणि पोट भरल्याचा निरोप देणारी उतरलेली. शिवाय हलकं शरीर चालवायला खर्चही कमी लागतो. म्हणजे ६९ किलोची मी पूर्वीएवढं जेवले तरी आता ते जास्त होतं, आणि भूक मात्र पूर्वीपेक्षा मोठी. ही दरी रोज उठून भरावी लागते. नुसत्या ताटानं भरायची तर आयुष्यभर अर्धपोटी राहावं लागेल. तिथं चालणं उपयोगी पडतं.

अमेरिकेत टीव्हीवरच्या वजन घटवण्याच्या स्पर्धेतले १४ स्पर्धक सहा वर्षांनी पुन्हा तपासले गेले. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं. पण ज्यांनी ते राखलं त्यांच्यात आणि इतरांच्यात फरक कशाचा, हे पाहिलं तेव्हा उत्तर हालचालीचं निघालं. राखणाऱ्यांनी आपली हालचाल पूर्वीपेक्षा सरासरी १६० टक्क्यांनी वाढवलेली होती, परत वाढलेल्यांनी ३४ टक्क्यांनी. तिथंच १९९४ पासून एक नोंदवही ठेवलीय, किमान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर राखलेल्या माणसांची. त्यातले नव्वद टक्के लोक रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, आणि तो बहुतेकांचा व्यायाम म्हणजे साधं चालणं. त्या वहीत आपणहून नाव घालणारी माणसं मुळातच चिकाटीची असणार हे खरं. तरी तो तासाचा आकडा मला जवळचा वाटतो. आठवड्याला १५० मिनिटं हा आरोग्यासाठी नेहमी सांगितला जाणारा आकडा. उतरलेलं वजन राखायला मात्र २०० ते ३०० मिनिटं लागतात असं या विषयातले जाणकार सांगतात. माझा अनुभव ३०० च्या बाजूनं आहे.

हे सगळं आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्या सव्वा किलोवर रडले नसते. ज्या कामासाठी चालणं मुळात थिटं पडतं त्या कामावर मी त्याला लावलं होतं, आणि ज्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही त्या वेळी, वजन उतरल्यावर, सोडून दिलं होतं. काट्याच्या बाहेरही ते किती करत होतं! चालताना पायाचे स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. मधुमेहाच्या दारात उभ्या असलेल्या बाईला हे केवढं आहे.

२०१९ च्या दिवाळीनंतर मी परत सुरू केलं. तेव्हा सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजांचा सराव सुरू झालेला असतो. आमच्या ओळखीतला एक मुलगा त्यात आहे. जानेवारीतल्या संक्रांतीला बाराबंदी घालून तो उंच नंदीध्वज पेलत निघायचं म्हणजे कंबर, मांड्या, खांदे आधीपासून तयार लागतात, म्हणून कित्येक आठवडे रात्री सराव चालतो. मी त्याला विचारलं होतं, कंटाळा येत नाही का? तो म्हणाला, "काकू, सिद्धेश्वराचं काम हाय. कंटाळा कसला?" मी माझ्या तासाचं तसंच करायचं ठरवलं. रोज सकाळी 'आज जावं का' असा प्रश्नच विचारायचा नाही. भांडी घासायची की नाही हे आपण कुठं विचारतो?

२०२० मध्ये टाळेबंदीत गच्चीवर फेऱ्या मारल्या, पत्र्याच्या टाकीला वळसा घालून, पोलिसांच्या गाडीचा भोंगा ऐकत. तेव्हापासून चालण्याला जड कामाची जोड दिली. नुसत्या कमी खाण्यानं उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, साधारण चारातला एक वाटा, आणि पन्नाशीतल्या बाईला ते परवडत नाही. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याच्या दिवशी पूर्वी मोटार लावून मी बाजूला व्हायचे. आता पिण्याचं पाणी खालून दोन्ही हातांत कळशा घेऊन जिना चढून आणते, चार खेपा. चाळीत आई हेच करायची आणि तिला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं. आठवड्यातले आणखी दोन दिवस खुर्चीतून हात न टेकता पंधरा वेळा उठणं आणि भिंतीला रेटून दंड.

गेली काही वर्षं मी ६९ ते ७१ मध्ये आहे. कंबर ९१. तक्त्याप्रमाणं अजून जाडच. मला त्याचं काही वाटत नाही. साखर दारातून मागं सरलीय आणि पाय शाबूत आहेत. आजारपणात, लग्नसराईत किलो-दोन किलो चढतं. मग मी तेलाची रेघ बघते, पण पहाट सोडत नाही.

आई आता ७८ वर्षांची. खुब्याच्या ऑपरेशननंतर तिला चालायला शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, आजी, बसलात तर बसलात, रोज घरात फेऱ्या हव्यात. सुरुवातीला आईला ते पटेना. "काय सारखं फिरवायलीस गं मला?" म्हणायची. मी तिला एकदा अण्णांचं सांगितलं, तागाच्या गिरणीचं, दारात बसण्याचं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं डब्यातून चिंचोके काढून मागितले आणि दोन वाट्या. खिडकीच्या कठड्यावर दोन्ही शेजारी ठेवल्या. एका वाटीत वीस चिंचोके. सोप्यापासून स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आली की एक चिंचोका उचलून दुसरीत टाकायचा.

काल शाळेतून आले तर दुसऱ्या वाटीत सोळा होते. चहा ठेवू का विचारलं. तिनं पहिल्या वाटीकडं बघितलं, बोटानं उरलेले चार मोजले, आणि "थांब, एवढं होऊ दे," म्हणून वॉकर पुढं सरकवला.